खड्ड्यातला रुपराव

आमच्या रितिकेनं, म्हणजे माझ्या नातीनं, बारावीला नाटक हा विषय घेतला तेव्हा नागपुरात बेस्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये आनंद झाला तो मला एकट्याला. बाकीचं घर असं बसलं होतं, जसं काही पोरीनं शाळेतून नावच कापून आणलं.

माझा मुलगा जितेंद्र म्हणाला, "बाबा, नाटकाचा काय पेपर राहते?"

मी म्हटलं, "राहत असन. आमच्या वेळी नव्हता, नाही तर मी सातवीत थांबलोच नसतो."

खोटं नाही सांगत. माझं शिक्षण पवनीकडच्या आमच्या गावात, सातवीपर्यंत. गुरुजी एक, वर्ग चार आणि शाळेपुढं एक ओटा. दिवसा त्या ओट्यावर आम्ही पाढे म्हणायचो आणि दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली की त्याच ओट्यावर राजे मरायचे. पडद्याची दोरी माझ्या हाती. त्यामुळं नाटकाचा विषय निघाला की मला थांबवणं अवघड जातं. माझी बायको देवकी तर म्हणते, "यांचा पडदा ओढणारं कोणी भेटलंच नाही."

तर जितेंद्रनं विषय घेऊ दिला, पण अट घालून. वर्षाच्या शेवटी या विषयाची प्रात्यक्षिक परीक्षा असते, पन्नास गुणांची. बाहेरून परीक्षक येतात. एकेका पोरानं एकट्यानं स्टेजवर दहा मिनिटं काम करून दाखवायचं, मग प्रश्नांची उत्तरं द्यायची.

"त्याच्यात चाळीस आणले तर पुढं नाटकाच्या कॉलेजात घालतो," जितेंद्र म्हणाला. "नाही आणले तर गुपचूप बी.कॉम. मंजूर?"

"मंजूर," रितिका म्हणाली. बापलेकीनं हात मिळवले आणि देवकीनं पंचांसारखं मध्ये उभं राहून दोघांना एकेक लाडू दिला.

जानेवारीत शाळेनं सराव परीक्षा घेतली. नाटक शिकवणाऱ्या मिनल मॅडमनी रितिकेला एका राणीचं भाषण स्वतः लिहून दिलं होतं. राजा लांब लढाईवर गेलेला, किल्ल्याखाली शत्रू, आत तीनशे माणसं आणि आठ दिवसांचं धान्य. दरवाजा उघडायचा की नाही हे राणीनं एकटीनं ठरवायचं. नुसतं वाचतानाच माझ्या अंगावर काटा आला. चार मिनिटं आमची राणी झकास बोलली म्हणे. पाचव्या मिनिटाला ती सगळं विसरली, हात जोडून म्हणाली, "सॉरी मॅडम, पाणी प्यायचं आहे," आणि स्टेजवरून उतरून गेली. पन्नासपैकी एकोणीस.

घरी आल्यावर पोरगी पलंगावर पालथी. "आबा, मला सगळं पाठ आहे. पण तिथं उभी राहिली का पाटी पुसल्यासारखं होते."

"हात्तिच्या! येवढंच ना?" मी म्हटलं. "हा रोग जुना आहे. याचा वैद्य सक्करदऱ्याले राहते."

आता रुपरावबद्दल सांगणं आलं.

रुपराव आणि मी एका वर्गातले, एका ओट्यावरचे. अंगानं काडीसारखा, कान सुपाएवढे आणि ओठ असे बारीक की बोलताना हलतात की नाही ते कळत नाही. हेच त्याचं भांडवल. आमच्याकडच्या नाटकाला नट पाच गावांतून यायचे. राजा एका गावचा, प्रधान दुसऱ्या गावचा, कपटी मामा म्हणजे रेशन दुकानवाला. तालीम झाली तर एक, नाही तर तीही नाही. मग या सगळ्यांनी काय बोलायचं ते त्यांना सांगणार कोण? तर प्रॉम्प्टर. ओट्याच्या पुढं कमरेएवढा खड्डा खणायचा, त्यात पाय कापलेलं एक स्टूल, एक कंदील, नाटकाची वही आणि रुपराव. लोकांना त्याचं डोकं दिसू नये म्हणून पाठीमागं पोत्याचा आडोसा. एकेचाळीस वर्षं तो त्या खड्ड्यात बसला. ओट्यावर कधी चढला नाही. जाहिरातीच्या कागदावर मंडपाला बांबू देणाऱ्याचं नाव यायचं, याचं कधी आलं नाही.

पोटासाठी तो बुटीबोरीच्या बाजूला एका सूतगिरणीत होता. तिथं यंत्रांचा असा गलका की स्वतःचा खोकला स्वतःला ऐकू येत नसे. त्या गलक्यात एकाच माणसाच्या कानात जाऊन बसेल असं बोलायची त्याला सवय लागली. मंडईच्या दिवसांत रजा टाकून गावाला यायचा. पहिल्या वर्षी साहेबानं रजेचं कारण विचारलं. हा म्हणाला, "राजाले बोलता येत नाही साहेब, म्हणून जावं लागते." साहेबानं घाबरून सही केली.

त्याचे नियम दोन. एक म्हणजे पूर्ण वाक्य द्यायचं नाही. पहिले तीन शब्द द्यायचे, बाकीचं नटाच्या तोंडातून आपोआप येतं. दुसरा म्हणजे प्रॉम्प्टरनं सपाट बोलायचं. मी त्याला एकदा विचारलं, "काहून गा, आई मरते तिथं तरी थोडा गळा भरून आण." तो म्हणाला, "मी रडलो तर तो माह्यासारखा रडन. त्याचं रडू त्याले रडू दे ना." आणि नट अडला की सुरुवातीला "बोल गा" हे त्याचं ठरलेलं. बाईचं काम असलं की "बोल वं". बाईचं काम करणारा मिशा काढलेला भैयाजी असला तरी "बोल वं"च.

एकदा काय झालं, खड्ड्यातला कंदील विझला. वर राजा अडलेला. रुपराव खालून म्हणाला, "थांब गा, कंदील विझला." राजानं छाती फुगवली, राणीकडं वळला आणि दणक्यात म्हणाला, "थांब गा, कंदील विझला!" राणी म्हणजे आमचा भैयाजीच. त्यानं पदर सावरला, "लावून आणते, महाराज," म्हणाला आणि निघून गेला तो पाऊण तास आलाच नाही. बिडी ओढत बसला होता. राजा तेवढा वेळ दरबारात येरझारा घालत होता आणि लोकं म्हणत होते, राजाचं बायकोवर लय प्रेम दिसते.

दुसरी एक सांगतो आणि मग परीक्षेकडं वळतो. जितेंद्रच्या लग्नात सुनेला उखाणा घ्यायला लावला. सून म्हणजे श्वेता, रितिकेची आई. ती बिचारी लाजून गप्प. मंडपाच्या खांबाआड रुपराव उभा. कोणी अडलं आणि हा गप्प राहिला असं होत नाही. त्यानं हळूच "बोल वं" म्हटलं आणि पहिले तीन शब्द सोडले. ते असे नेमके सुटले की श्वेता, तिची आई, दोन मावश्या आणि वाढायला आलेली एक बाई, अशा पाचही जणींनी एका सुरात पूर्ण उखाणा म्हटला. पाच बायकांनी माझ्या जितेंद्रचं नाव घेतलं! व्याही तीन वर्षं माझ्याशी तुटक बोलत होते.

असा हा वैद्य. मी फोन केला, रुपराव दुसऱ्याच दिवशी चारच्या बसनं हजर. राणीचं भाषण त्यानं एकदा डोळ्यांखालून घातलं, मग घरभर नजर फिरवली.

"देवाजी, खड्डा कुठं आहे?"

"अरे, तिसऱ्या माळ्यावर खड्डा कुठून आणू?"

"खड्ड्याशिवाय मले सुचत नाही गा."

शेवटी दिवाण भिंतीपासून ओढला आणि मधल्या जागेत देवकीचा जेवायचा पाट टाकला. रुपराव त्यात उतरला तो दिसेनासाच झाला. वर फक्त चष्म्याच्या काड्या. रितिका समोर उभी राहिली, बोलू लागली आणि जिथं अडेल तिथं दिवाणामागून "बोल वं. आठ दिवसांचं धान्य," असा आवाज यायचा, की राणी पुढं धावायची. पहिल्याच दिवशी पूर्ण दहा मिनिटं! देवकी स्वयंपाकघरातून डोळे पुसत आली आणि मागं वरण करपलं.

पंधरा दिवस हे चाललं. भाषण संपलं की रुपराव दिवाणामागून म्हणायचा, "पडदा गा," आणि मी जुन्या सवयीनं खिडकीचा पडदा ओढायचो. पोरीचा आवाज असा लागला होता की खालच्या माळ्यावरचे लोक विचारायला आले, वर भांडण चाललंय का म्हणून. मी तर चाळीस काय, पन्नास धरून बसलो होतो.

परीक्षेला चार दिवस उरले आणि रितिका शाळेतून आली ती रडतच. मॅडमनी तालीम घेतली होती. आधी चार मिनिटांनी विसरणारी पोरगी आता पहिल्याच मिनिटाला थांबली आणि इकडं तिकडं पाहत म्हणाली, "रुपराव आजोबा कुठं आहेत?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एकेचाळीस वर्षांत रुपरावनं एकाही नटाला पाठ करायची गरजच पडू दिली नव्हती! पाठ करणं त्याच्या धंद्यातच नव्हतं. आणि अशा माणसाकडं मी पोरीला पाठांतरासाठी सोपवलं. औषध असं लागू पडलं होतं की रोगी आता औषधाशिवाय उठेना.

जितेंद्र जेवता जेवता ऐकत होता. "म्हणजे पंधरा दिवस दोन म्हाताऱ्यांनी मिळून माह्या पोरीचं वाटोळं केलं. बाबा, बी.कॉम.चा फॉर्म आणून ठेवू काय?"

मी ताट बाजूला सारून रुपरावला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी मी आणि रुपराव रितिकेला घेऊन मिनल मॅडमकडं गेलो. मॅडम भल्या बाई. म्हणाल्या, "आजोबा, प्रॉम्प्टर चालत नाही. बाहेरून एक शब्द जरी आला तरी परीक्षक शून्य देतील. पण दोन मदतनीस चालतात. एक सामान मांडायला, एक पडदा ओढायला. बाकीचे वर्गातल्या पोरांना घेतात."

रितिका म्हणाली, "मला हे दोघंच पाहिजे. रुपराव आजोबा बोलले नाही तरी चालन. ते तिथं नुसते असले पाहिजे."

रुपराव बाहेर येऊन पायरीवर बसला. "देवाजी, माह्यावर भरवसा ठेवू नको. पोरगी अडली का माहं तोंड माह्या हाती राहत नाही. लग्नात नाही राहिलं."

"मग तोंडात काहीतरी भरून ठेव."

यावरून परीक्षेच्या सकाळी रुपरावच्या दोन्ही गालांत तीन-तीन, असे आवळा सुपारीचे सहा तुकडे बसवण्यात आले. माझ्या हातानं बसवले. चेहरा असा झाला होता की शाळेच्या फाटकावरच्या शिपायानं विचारलं, "दाढ सुजली काय बाबाजी?" रुपरावनं मान हलवली.

हॉलमध्ये मोजून सात माणसं. परीक्षक म्हणजे संघपाल सर, चष्मा कपाळावर चढवलेला, पुढं फाईल. त्यांच्या मागं मिनल मॅडम. बाकी पाच आपली पाळी यायची वाट पाहणारी पोरं. एका विंगेत मी पडद्याची दोरी धरून, समोरच्या विंगेत रुपराव. त्यानं आधीच खुर्चीवर चादर टाकून सिंहासन केलं होतं आणि बाजूला पितळी गडू ठेवला होता.

मी पडदा उघडला. राणी आली. काय सांगू, मला क्षणभर वाटलं हिला आता उठून मुजरा करावा. एक मिनिट, दोन, तीन. किल्ल्यावरचा वारा, खालच्या छावणीतले तंबू, सगळं तिच्या हाताबरोबर दिसत होतं. चार. माझी दोरीवरची मूठ घट्ट झाली. आणि पाचव्या मिनिटाला, नेमकं धान्याच्या वाक्यापाशी, राणी थांबली.

मी मनात आकडे म्हणू लागलो. एक, दोन, तीन. समोर रुपराव विंगेचा खांब धरून उभा, गाल फुगलेले, गळ्याची गाठ खालीवर होत होती. डोळ्यांतून पाणी. ते आवळ्याच्या आंबटपणाचं होतं की कसलं, ते मला आजही माहीत नाही. सात, आठ. संघपाल सरांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. अकरापर्यंत आलो आणि ऐकू आलं,

"बोल वं. आठ दिवसांचं धान्य."

थुंकला! म्हटलं, रुपरावनं सुपारी थुंकली, गेलं सगळं, आणा बी.कॉम.चा फॉर्म. समोर पाहतो तर रुपरावचे गाल तसेच टम्म. तो माझ्याइतकाच दचकलेला.

बोलली होती रितिका. हनुवटी छातीशी, ओठ हलतात न हलतात असे, आवाज सपाट. हुबेहूब दिवाणामागचा रुपराव. मग तिनं मान वर केली आणि राणीच्या आवाजात म्हणाली, "आठ दिवसांचं धान्य आहे म्हणून मला आठ दिवसांची राणी समजता?"

पुढं जिथं जिथं अडली तिथं तिनं हेच केलं. मान खाली, "बोल वं", तीन शब्द. मान वर, राणी. पंधरा दिवस तिनं ते भाषण रुपरावच्या आवाजातच ऐकलं होतं, त्यामुळं त्याच आवाजात ते तिच्या डोक्यात जाऊन बसलं होतं. पाठ तर होतंच. बोलायला लावणारं कोणी पाहिजे होतं, ते तिनं स्वतःच उभं केलं. एक-दोन ठिकाणी तर मला वाटतं अडली नसतानाही केलं, मजा येऊ लागली म्हणून. शेवटी राणी म्हणाली, "दरवाजा बंद राहील," सिंहासनावर जाऊन बसली, मान खाली घातली आणि बारीक आवाज आला, "पडदा गा."

मी ओढला. मला कोणी विचारलं असतं कुणाच्या सांगण्यावरून ओढला, तर सांगता आलं नसतं.

प्रश्नांसाठी पडदा पुन्हा उघडला. संघपाल सर फाईल चाळत म्हणाले, "लिहिलेल्या प्रतीत राणी एकटीच आहे. ही दुसरी बाई तू कुठून आणलीस? राणीची म्हातारी दाई आहे का? फार सुंदर कल्पना आहे."

त्यांच्या पाठीमागून मिनल मॅडम जोरजोरात मान हलवत होत्या. हो म्हण, हो म्हण. मीही विंगेतून हो-हो करत होतो.

रितिका म्हणाली, "नाही सर. मी विसरली होती."

मिनल मॅडमनी कपाळाला हात लावला.

"आणि ती दाई नाही, सर. ते रुपराव आजोबा आहेत. गावच्या नाटकात खड्ड्यात बसून सगळ्यांना बोलायला लावायचे. मला पण त्यांनीच लावलं. आज बोलायची परवानगी नव्हती, म्हणून त्यांच्या वाटचं मीच बोलली."

"कुठं आहेत ते?"

"विंगेत, सर. त्यांच्या तोंडात आवळा सुपारी आहे."

पोरं हसली. संघपाल सर हसले नाहीत. म्हणाले, "आजोबा, जरा पुढं येता?"

रुपराव खांब सोडेना. रितिका गेली आणि मनगट धरून त्याला स्टेजच्या मधोमध घेऊन आली. सुपारीचे सहा तुकडे त्यानं कधी गिळले ते त्यालाच ठाऊक.

"आपण कोण, काय करता, तेवढं सांगा," सर म्हणाले.

रुपरावचे ओठ हलले, आवाज नाही. ज्यानं राजे बोलते केले, माझ्या सुनेच्या मावश्या बोलत्या केल्या, तो माणूस सात लोकांसमोर मुका उभा. हात नुसते धोतराला पुसत होता. मी आकडे म्हणू लागलो. सहापर्यंत आलो असेन, तेवढ्यात त्याच्या मागून सपाट आवाज आला.

"बोला आजोबा. मी रुपराव, एकेचाळीस."

"मी रुपराव," तो म्हणाला. "एकेचाळीस वर्षं खड्ड्यात बसून नाटक केलं." तिथं थांबला. पुढचं त्याला कोणी दिलं नाही, त्याचं त्यालाच आलं. "खड्ड्यातून नटाईचे पाय तेवढे दिसे साहेब. लोकं तर पाठीमागंच. आज पहिल्यांदा लोकाईचे तोंडं दिसून राहिले."

संघपाल सरांनी फाईलमध्ये काहीतरी लिहिलं. मी मान उंच करून पाहायचा प्रयत्न केला, पण पडद्याची दोरी सोडवेना.

घरी येईपर्यंत मी रितिकेला तीनदा विचारलं, "काहून वं, हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?" ती म्हणाली, "आबा, मग आजोबांचं नाव कधी घेतलं असतं?"

मे महिन्यात निकाल लागला. रुपराव सकाळपासून आमच्याकडंच होता आणि आपल्या जागी, म्हणजे दिवाणामागच्या पाटावर बसला होता. म्हणाला, वर बसलो तर छाती धडधडते. जितेंद्रनं मोबाइलवर निकाल उघडला. वाचला. पुन्हा वाचला.

"नाटक प्रात्यक्षिक, त्रेचाळीस," तो म्हणाला आणि गप्प झाला.

रितिका समोर उभी. देवकी लाडवाचा डबा धरून उभी. श्वेता दारात. जितेंद्र लहानपणापासून असाच आहे. हरला की बोलणं त्याच्या घशात अडकतं. तोंड उघडायचा, मिटायचा. त्यानं मला बोलायची खूण केली, पण अट माझी नव्हती.

मग दिवाणामागून आलं, "बोल गा. जा बेटा नाटकाच्या."

"जा बेटा नाटकाच्या," जितेंद्र म्हणाला आणि स्वतःच दचकला. पण गाडी सुटली होती. "नाटकाच्या कॉलेजात. पण होस्टेल मी स्वतः पाहून येईन, आणि फॉर्म नीट भर, मागच्या वेळी जन्मतारीख चुकवली होती. आणि... चांगलं केलं तू. मी यायले पाहिजे होतं पाहायले."

एवढं सगळं तो एका दमात बोलला. पोरगी त्याच्या गळ्यात पडली. देवकीनं डबा उघडला.

मी वाकून दिवाणामागं पाहिलं. रुपराव गुडघे चोळत पाटावरून उठत होता.

"पाहिलं ना गा देवाजी?" तो म्हणाला. "तीनच शब्द दिले होते."